डॉक्टरांची भाची

२ मार्च, सोमवार

राजधानीतून फॉर्म आला आहे. डेंग्यू तिथल्या इस्पितळात मावेनासा झालाय. बाहेरच्या बेटांवर पाठवायला एकही डॉक्टर शिल्लक नाही, तेव्हा आपापल्या हद्दीतल्या पंचाहत्तरच्या आतल्या निवृत्त डॉक्टरांची नावं कळवा, म्हणतात. खाली चार रेघा आखलेल्या. आमच्या बेटावर चार कुठून येणार? एकच आहे. माझी आत्या, डॉक्टर कालोलाइने.

मी पहिल्या रेघेवर ‘कोणी नाही’ असं लिहिलं आणि सही केली.

कारण इथे तरी लिहून ठेवते. ती एकाहत्तर वर्षांची आहे. डावा गुडघा धरतो. तिने चौतीस वर्षं या बेटाची सेवा केली, आता तिला स्वस्थ बसू द्यावं.

“गुडघा?” सेमिसी म्हणाला. “परवा चर्चच्या अंगणात नाचत होती की.”

“बसून नाचत होती.”

“मग पेशंट काय उभ्याने तपासतात?”

मी नवऱ्याला तत्त्व समजावून सांगितलं. आयुष्यभर राबलेल्या माणसाला हुकूम सोडून पुन्हा जुंपणं हा अन्याय आहे, स्वतःहून येईल तो येईल, सक्ती कुणावर करू नये. चांगली दहा मिनिटं बोलले. सेमिसी शाळेच्या वह्या तपासत ऐकत होता. “शिक्षण सरकारने केलं,” तो म्हणाला, “गरज पडली की सरकार बोलावणारच. पण तू फार छान बोललीस. भाषण कुणासाठी होतं?”

४ मार्च, बुधवार

माझ्या ‘कोणी नाही’चा काही उपयोग झाला नाही. निवृत्तांची यादी खात्याकडे होतीच. दुपारी रेडिओवर सगळ्या बेटांची नावं वाचली आणि आमच्या बेटाच्या नावापुढे आत्याचं नाव आलं. इस्पितळाच्या व्हरांड्यात बसलेल्या बायकांनी टाळ्या वाजवल्या. मी आत एका बाळाच्या हाताला शीर शोधत होते. सापडली नाही. नर्स तेलेसियाने पहिल्या खेपेला शोधली.

हुकमात शब्द वापरलाय फातोंगिया. इंग्रजी कागदावर नुसती ‘सक्ती’ असेल. आमच्या भाषेत उतरवताना कुण्या हुशार कारकुनाने हा शब्द घातला. सरदारासाठी, चर्चसाठी, घरासाठी जे करायला माणूस जन्मतःच बांधलेला असतो, त्याला आम्ही फातोंगिया म्हणतो. सक्तीला नाही म्हणता येतं. फातोंगियाला नाही म्हणणारं माणूस मी पाहिलेलं नाही.

आणि हा कागद तिच्या हातात द्यायचा कुणी, तर इस्पितळाच्या प्रमुखाने. म्हणजे मीच.

५ मार्च, गुरुवार

कमरेला मानाची चटई बांधून गेले. आत्याच्या घरी तशीच जाते, लग्न होऊन वीस वर्षं झाली तरी. वडिलांची बहीण मानाने वडिलांहून मोठी. तिच्यासमोर खुर्चीवर बसायचं नाही, तिचं म्हणणं खोडायचं नाही. भावाच्या घरातली कुठलीही वस्तू उचलून न्यायचा तिचा हक्क. नऊ वर्षांची असताना माझं पांढरं डुकराचं पिल्लू तिने असंच नेलं होतं. मी डॉक्टर व्हायचं, तेही तिनेच ठरवलं. या वहीत मी तिला ‘ती’ म्हणते. बाहेर माझी हिंमत नाही.

ती दारात पानांच्या पट्ट्या सोलत बसली होती. मी जमिनीवर बसून कागद पुढे केला. तिने हात पुढे केला नाही.

“वाच,” म्हणाली.

मी वाचला. शाळेत धडा वाचावा तसा, खालच्या तारखेपर्यंत.

“सूट कुणाला?”

“आजारी असेल तर. दाखला लागतो, आत्या.”

“कुणाचा?”

“इस्पितळाच्या प्रमुखाचा.”

“म्हणजे तुझा!” आणि ती अशी हसली की कोंबड्या पळाल्या. बराच वेळ हसत होती. मी चटईची गाठ चाचपत बसले. माझ्या सहीला बेटावर काय किंमत आहे, ते तिला असं हसूनच सांगायचं होतं.

“सोमवारी येते,” ती म्हणाली. “टेबल दाराशी लावून ठेव. मला वारा लागतो.”

९ मार्च, सोमवार

टेबल दाराशी लावलं. अकरा वर्षं ते भिंतीशी होतं. टेबल ओढल्यावर खाली माझ्या चपलांनी झिजलेली फरशी दिसली. का कोण जाणे, मी तिच्यावर टोपली ठेवली.

ती आली आणि माझ्या खुर्चीवर बसली. रांग फाटकाबाहेर, पार ब्रेडफ्रूटच्या झाडापर्यंत. ज्यांना ताप नाही तेही आले होते.

“आता बरं झालं,” एक म्हातारी माझ्यासमोरच दुसरीला म्हणाली. “इतके दिवस आपलं भाचीवर भागवत होतो.”

अकरा वर्षांनंतरही मी डॉक्टरांची भाची. माझं नाव लेसिएली आहे, हे केसपेपर सोडून कुठेच दिसत नाही.

आणि तिने काय करावं? मला शेजारी स्टुलावर बसवलं. प्रत्येक पेशंटचा रिपोर्ट माझ्या हातात. “लेसिएली, वाच.” मी वाचायचं. “औषध लिही.” मी लिहायचं. “बाटलीवर काय आहे?” मी सांगायचं. सगळ्या व्हरांड्यासमोर. मी मेडिकलच्या पहिल्या वर्षाला होते तेव्हाही कुणी मला असं वाचायला लावलं नव्हतं.

एक मात्र लिहायला हवं. तिचे हात. पोटावर हात ठेवते आणि डोळे मिटते. “इथे दुखतंय, पण तू सांगत नाहीयेस,” एका दांडग्या मासेमाराला म्हणाली, आणि तो रडायलाच लागला. मनगट धरते आणि पेशंटच्या आजीचं नाव सांगते. अशा हातांपुढे माझी पुस्तकं, माझे आकडे म्हणजे कोरडी पोळी. संध्याकाळी घरी येऊन मी माझेच हात बराच वेळ धूत राहिले.

११ मार्च, बुधवार

आज माझा चष्मा नेला. सरळ माझ्या नाकावरून काढला, स्वतःला लावला, बाहेर पाहिलं, खिशात टाकला. भावाच्या मुलीची वस्तू, बोलणार कोण? दिवसभर मी कागद हातभर लांब धरून वाचत होते आणि ती ऐकत होती.

जाताना चष्मा टेबलावर ठेवला. “याचा काही उपयोग नाही,” म्हणाली.

माझ्या वस्तूसुद्धा तिला पसंत पडत नाहीत.

१५ मार्च, रविवार

चर्चमध्ये पाद्रीबुवांनी आत्यासाठी प्रार्थना केली. सात मिनिटं. बायबलातल्या, सिंहाला न घाबरलेल्या माणसांची नावं घेतली आणि त्यात तिचं नाव बसवलं. माझं नाव घेतलं नाही असं नाही. “आणि त्यांची भाची,” असं शेवटी म्हणाले.

ती पहिल्या बाकावर, स्तोत्रांचं पुस्तक मांडीवर मिटलेलं. सगळी स्तोत्रं पाठ! इतर लोक पानं चाळत असताना ती मान ताठ ठेवून गाते. हेही दाखवायलाच हवं का?

घरी नारळाच्या रसात शिजवलेली पानं वाढताना सेमिसी म्हणाला, “एक विचारू? रागावशील.”

“मग नको विचारूस.”

“तुला नेमकं काय नकोय? तिने काम केलेलं, की तिला टाळ्या पडलेल्या?”

“ती मला सगळ्यांसमोर वाचायला लावते, सेमिसी. पोरीसारखी.”

“तेलेसियाला का लावत नाही? तिचा आवाज तर तुझ्याहून मोठा.”

“कारण तेलेसियाला लाज वाटणार नाही. मला वाटते, हे तिला ठाऊक आहे.”

तो जेवून झोपला. रविवारी दुसरं काय करतात माणसं.

१७ मार्च, मंगळवार

आज मी बोलले. आयुष्यात पहिल्यांदा.

वॉर्डात बारा खाटांवर एकोणीस पेशंट आहेत. हे खरं आहे, मी बनवून सांगत नाही. मी म्हणाले, “आत्या, आजपासून मी वॉर्डात बसते.”

“तू इथे बस.”

“तिकडे गरज आहे.”

तिने मान वळवली. माझ्याकडे नाही, माझ्या कानाच्या बाजूला कुठेतरी पाहिलं. मोठी माणसं नाराज झाली की तोंडाकडे पाहत नाहीत. “बरं,” म्हणाली. एवढंच. तेलेसियाला मी तिच्या शेजारी ठेवलं.

दुपारी तीन सलाइनी एकदम संपल्या, तेव्हा तेलेसियालाही आत बोलावून घेतलं. ती म्हणाली, “डॉक्टर, मोठ्या डॉक्टर एकट्या राहतील.”

“चौतीस वर्षं एकट्याच होत्या ना?” मी म्हणाले.

दिवसभर कुणी मला ‘वाच’ म्हटलं नाही. किती हलकं वाटतं, ते सांगता येणार नाही.

१८ मार्च, बुधवार

सकाळी आठला फुसीने लेकीला, पिसिलाला, पाठीवर टाकून आणलं. आठ वर्षांची पोर. हातपाय गार, ओठ पांढरे, पोट दुखतंय म्हणून कण्हत होती, मग कण्हणंही थांबलं. ब्लडप्रेशर लागेना.

“काल आणली का नाहीस?” मी ओरडले.

“आणली होती! डॉक्टरांनी घरी पाठवलं. ताप उतरला होता ना.”

काल? मी तिच्या हातातला रिपोर्ट ओढून घेतला. वरच्या ओळीत रविवारचा आकडा: प्लेटलेट एक लाख चाळीस हजार. खालच्या ओळीत मंगळवारचा: एकतीस हजार. एकतीस हजारांवर आलेल्या मुलीला कुणी घरी पाठवत नाही. शिकाऊ पोरगंही नाही.

खरं लिहायचं म्हणून ही वही आहे, तर लिहिते. त्या क्षणी पिसिलाच्या आधी माझ्या मनात एक दुसरीच गोष्ट आली. आली आणि तिने आत दिवा लावला. *चुकली. ती चुकली.* एका श्वासाएवढा वेळ. मग मी सलाइन लावलं.

आत्या फाटकातूनच आवाज ऐकून आली. काही न विचारता खाटेच्या कडेला बसली आणि पोरीचं मनगट धरलं. ते संध्याकाळी चारपर्यंत सोडलं नाही. मी मशीनकडे पाहत होते, ती डोळे मिटून. “अजून रिकामी आहे. वाढव.” मी वाढवलं. “भरतेय.” पाच-दहा मिनिटांनी मशीनने तेच सांगितलं. दुपारी दोनला मी आणखी एक बाटली उघडणार, तोच म्हणाली, “आता कमी कर. छातीत पाणी चढेल.” मशीन अजून काही म्हणत नव्हतं. मी थांबले. मग श्वास मोजले, छाती ऐकली. ती बरोबर होती.

चार वाजता पिसिलाने कलिंगड मागितलं. फुसी रडायला लागली.

तिला बाहेर नेऊन मी विचारलं, “काल रिपोर्ट पाहून डॉक्टर काय म्हणाल्या?”

“पाहिला नाही त्यांनी. मला म्हणाल्या, वाच. मला वाटलं परीक्षा घेतायत. मी वाचलं.”

“कुठलं वाचलंस?”

“वरचं,” फुसी म्हणाली. “वरून नाही का वाचतात?”

मी व्हरांड्यात उभी राहिले. दाराशी टेबल होतं, उजेडात.

२० मार्च, शुक्रवार

आत्याच्या घरी गेले. चटई बांधायची विसरले, ते तिच्या दारात लक्षात आलं. तिच्या लक्षात आलं नाही.

“मध्ये डाग आहे,” ती आपणहून म्हणाली. “काळा, नारळाएवढा. ज्याच्याकडे बघावं ते माणूस नाहीसं होतं. बाजूला पाहिलं की कडेने दिसतं. तू आता मला कानापासून दिसतेयस.”

“कधीपासून?”

“चार वर्षं.”

“मग सांगितलं का नाही? मी दाखला दिला असता. त्याच दिवशी दिला असता!”

“दिला असतास,” ती म्हणाली, “हे मला ठाऊक होतं.”

मी खाली पाहिलं. तिला माझं तोंड दिसत नाही, तरी खाली पाहिलं.

“मागता येत नाही मला, पोरी,” ती म्हणाली. “जन्मभर घेतलंच. भावाच्या घरी मागायचं नसतं, उचलायचं असतं. तुझा चष्मा उचलला. तुझा आवाज उचलला. तू उठून गेलीस तेव्हा काय म्हणायचं, ते मला येईना.” मग म्हणाली, “पिसिलाच्या आईला मी विचारायला हवं होतं, किती ओळी आहेत. एवढंच विचारायला हवं होतं.”

मी तिला सांगितलं की तेलेसियाला मीच आत बोलावलं होतं. ती म्हणाली, “माहीत आहे.” सांत्वन केलं नाही. मीही तिचं केलं नाही.

हुकूम काढणाऱ्यांना वाटलं असेल, निवृत्त डॉक्टर म्हणजे कपाटात नीट ठेवलेलं सामान. आणीबाणी आली की काढावं, पुसावं, वापरावं. सेमिसी म्हणतो ते खोटं नाही, तिच्याशिवाय पिसिला गेली असती. आणि तिच्यामुळेच जात होती. या दोन्हींना मिळून हुकमात एकच शब्द आहे, फातोंगिया. ज्याला नाही म्हणता येत नाही, त्याला ‘मला दिसत नाही’ असंही म्हणता येत नाही.

मी म्हणाले, “आत्या, फातोंगिया सोडा. मी विचारतेय. माझ्या शेजारी बसून काम कराल? मी वाचेन.”

तिने मान वळवून मला कडेने पाहिलं.

“नाही,” म्हणाली. “भीती वाटते.”

इतकं लहान तोंड करून तिला काही बोलताना मी पाहिलं नव्हतं.

२३ मार्च, सोमवार

दाखल्याचा फॉर्म भरला. मुक्ततेचं कारण, एक रेघ. जे लिहीन ते रेडिओवर वाचतील. इथे सगळं रेडिओवर वाचतात. ‘दृष्टी अधू’ असं लिहिलं तर पिसिलाच्या गोष्टीला ते शब्द संध्याकाळच्या आत चिकटतील आणि चौतीस वर्षं पुसली जातील. न लिहावं, तर ती पुन्हा त्या खुर्चीवर. फॉर्मच्या खाली छापील वाक्य होतंच: ‘प्रमुखाच्या मते सेवेची आवश्यकता नाही.’ मी त्यावर खूण केली.

पिसिलाच्या केसपेपरवर लिहिलं: ‘मंगळवारी ओपीडीत रिपोर्ट वाचणारं माणूस नव्हतं. प्रमुखाने काढून घेतलं होतं.’ हे खरं आहे.

सेमिसीने विचारलं, “तू तिच्यासाठी केलंस ना हे?”

“हो,” मी म्हणाले. मग म्हणाले, “सही करताना हात फार सरळ चालला, सेमिसी.”

२५ मार्च, बुधवार

रेडिओवर वाचलं. सेवेची आवश्यकता नाही.

तेलेसिया माझ्याशी कामापुरतं बोलते. दुपारी औषधाचा ट्रे आपटून म्हणाली, “रांग झाडापर्यंत, आणि आवश्यकता नाही! बघवलं नाही तुम्हाला, एवढं सांगा.”

मी ट्रेमधल्या बाटल्या पुन्हा उभ्या केल्या.

२९ मार्च, रविवार

चर्चमध्ये आमच्या बाकावर आम्ही दोघंच. मागून एक बाई, मला ऐकू येईल इतक्याच हळू, म्हणाली, “स्वतःच्या आत्याला घालवलं. जळून जळून घालवलं.”

आत्या पहिल्या बाकावर. बाहेर पडताना बायका तिचे हात धरून रडत होत्या. मला वाटलं, एक शब्द बोलेल. बोलली नाही. बोलली असती तर तिला सगळंच सांगावं लागलं असतं, हे मला कळतं. तरी वाटलं.

लोक म्हणतात ते खोटं आहे, असं शपथेवर सांगायला मला कुणी उभं केलं, तर मी उभी राहीन आणि तोंड उघडेन. पुढे काय म्हणेन, ते माहीत नाही.

३१ मार्च, मंगळवार

फुसी पिसिलाला दाखवायला घेऊन आली. माझ्या खुर्चीसमोर उभी राहिली, बसली नाही.

“डॉक्टरांना दाखवायचं होतं,” म्हणाली. “पण आता तुम्हीच आहात.”

“बसा,” मी म्हणाले.

रिपोर्ट वाचला. दोन्ही ओळी. दोन लाख दहा हजार. पोर बरी आहे, शाळेत पाठवा, असं सांगितलं. फुसीने कागद घडी करून ठेवला, आभार मानले नाहीत.

मग मी पिसिलाचं मनगट हातात घेतलं. गरज नव्हती. डोळे मिटले आणि थांबले. रांगेतलं कुणीतरी खोकलं. पोरीने विचारलं, “तुम्ही झोपलात?”

माझ्या बोटांना फक्त नाडी लागत होती. मिनिटाला अठ्ठ्याऐंशी. बाकी तिथे जे काही असेल, ते मला लागलं नाही.